दानात गेलेली काठी

वैशाखातल्या एका मंगळवारी माझे यजमान वारले. दुपारी चहा घेत होते. कप त्यांनी बशीत ठेवला आणि मान खाली गेली. मी स्वयंपाकघरात होते. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, मग घड्याळ पाहिलं. संध्याकाळी मुलुंडहून नणंद आली. रात्री त्यांना नेलं.

आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून विधी नणंदेच्या मुलाने केले. नणंद तेरा दिवस माझ्याकडे बोरिवलीला राहिली. दार तिनेच उघडलं, चहा तिनेच केला, आलेल्यांना काय झालं आणि कसं झालं तेही तिनेच सांगितलं. मी आतल्या खोलीत बसून होते. लोक येऊन समोर बसत. मला बोलायला सुचत नसे, आणि ज्यांना माझा स्वभाव माहीत होता ते बोलण्याची अपेक्षाही करत नसत. मी नोकरी केली तीही ग्रंथालयात. अंधेरीच्या ज्या कॉलेजात हे भूगोल शिकवायचे, त्याच कॉलेजात.

तेरावा झाला, नणंद घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कालनिर्णयाच्या पानापुढे उभी राहिले आणि अमावस्या कधी आहे ते पाहिलं. आठवड्यावर आली होती.

अमावस्येचा संबंध कुठल्याही विधीशी नव्हता. तो ओहोटीशी होता. भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आपल्याकडे कोकणात सगळ्यांना ठाऊक असतो: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी प्रतिपदा. एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे भरती दुपारी पाऊणला, आणि तिच्याआधी सहा तासांनी, सकाळी, ओहोटी. तीही उधाणाची, म्हणजे पाणी पुष्कळ मागे जाणारी. दर महिन्याच्या त्या सकाळी आम्ही दोघं बोरिवलीहून गोराईच्या धक्क्यावर जायचो, पहिल्या बोटींपैकी एखादीने खाडी ओलांडायचो, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर एका ठरलेल्या रेषेत वाळू मोजायचो. निवृत्तीनंतर लोक नातवंडांना शाळेत सोडायला जातात. आम्ही वाळू मोजायला जायचो.

मोजायची पद्धत साधी आहे. दोन काठ्या लागतात, खांद्याइतक्या उंच, अगदी सारख्या मापाच्या. आमच्या काठ्यांवर यांनी स्वतः तांबडे-पांढरे पट्टे रंगवले होते आणि पट्ट्यांमध्ये आकडे घातले होते. दोन्ही काठ्या एका दोरीने जोडलेल्या. मागची काठी खुणेच्या दगडापाशी उभी करायची, पुढची समुद्राच्या दिशेने, दोरी ताणेल तिथे. मागच्या माणसाने आपल्या काठीला डोळा लावायचा आणि पुढच्या काठीचं टोक क्षितिजाच्या रेषेवर टेकेपर्यंत डोळा खाली आणायचा. आपल्या काठीच्या टोकापासून डोळा जितका खाली आला, तितकी वाळू त्या दोन काठ्यांच्या मध्ये उतरलेली असते. आकडा लिहायचा, मागच्याने पुढच्या काठीच्या जागी यायचं, पुढच्याने दोरीभर पुढे जायचं, पुन्हा तेच. पाण्यापर्यंत. घरी येऊन आलेख-कागदावर ठिपके मांडले आणि जोडले की किनाऱ्याचा त्या महिन्याचा उतार मिळतो. बाकी कसलंही यंत्र लागत नाही. दोन सारख्या काठ्या आणि दोन माणसं लागतात. क्षितिज तिथे असतंच.

पुढची काठी माझी असायची.

इतक्या वर्षांत आम्ही जे पाहिलं ते कुठल्याही शालेय पुस्तकात आहे. पावसाळ्यातल्या लाटा उंच असतात आणि घाईने एकामागून एक येतात. येताना आणतात त्याहून परतताना जास्त नेतात. वैशाखात जाड, उंच असलेली वाळूची पुळण भाद्रपदात खरवडल्यासारखी सपाट होते, खालचे दगड दिसायला लागतात. गेलेली वाळू लांब जात नाही. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा दांडा तयार होतो. पाऊस संपला की लाटा शांत होतात आणि तीच वाळू हळूहळू परत वर येते. पुढच्या वैशाखापर्यंत किनारा जवळजवळ होता तिथे आलेला असतो.

वर्गात हे शिकवताना यांचा आवाज थोडा चढायचा, असं विद्यार्थी सांगत. एकदा एकाने परीक्षेत समुद्री गुहेचं उदाहरण म्हणून जोगेश्वरीची लेणी लिहिली होती. यांनी त्याला अर्धा गुण दिला. मी म्हटलं, "अहो, अर्धा कशाला? माणसांनी छिन्नीने खोदलेली लेणी ती!" तर म्हणाले, "निदान घराजवळ शोधलंन. बाकीच्या वर्गाने इंग्लंडातल्या गुहा लिहिल्यात. बघितल्यात का कोणी?"

मग आमच्या रेषेच्या बाजूला बंधारा झाला. गावाची वस्ती लाटांपासून वाचावी म्हणून मोठमोठ्या दगडांचा, धूप थांबवण्यासाठी बांधतात तसला. बांधल्यावर पहिल्याच पावसाळ्यात वस्तीपर्यंत पाणी आलं नाही, त्यामुळे अर्धं गाव खूश होतं. उरलेल्या अर्ध्या गावाची मासळी बंधाऱ्याच्या पुढच्या पुळणीवर वाळते. त्यांचं म्हणणं होतं की दगडाला आपटलेली लाट आता बाजूची वाळू उचलून नेते. बंधारा आणखी लांब करायचा विचार चालला होता, आणि गावात दोन तट पडले होते. काठ्या घेऊन येणारे सर सगळ्यांच्या ओळखीचे. दोन्ही बाजूंनी येऊन त्यांना विचारलं, वाळू परत येतेय की नाही, सांगा. हे म्हणाले, "आज सांगितलं तर ते माझं मत होईल. एका वर्षाने काही ठरत नाही, एखादा पाऊसच जोराचा असतो. गेल्या पावसाआधीच्या मोजणीपासून मला दोन वर्षं द्या, दोन वर्षांचा कागद देतो." गावाने ते मानलं. सभा ती दोन वर्षं पुरी झाल्यावर घ्यायचं ठरलं.

त्यातलं पहिलं वर्ष येत्या प्रतिपदेला पुरं होत होतं. पावसाआधीची ती शेवटची ओहोटी. तीच मोजणी पहिल्या वर्षाचा शेवट होती आणि दुसऱ्याची सुरुवात. ती हुकली तर दोन्ही वर्षं तुटत होती आणि दिलेल्या शब्दाचं काहीच उरत नव्हतं. मी कॅलेंडरपुढे उभी होते ती यासाठी.

मग मी काठ्या घ्यायला दाराच्या मागे गेले. तिथे एकच काठी होती. दोरी तिच्याभोवती छान गुंडाळून, टोक आत खोचून ठेवलेली. इतकी नीट दोरी आमच्या घरात फक्त एकच माणूस गुंडाळू शकतं. मी नणंदेला फोन लावला.

"अगं, दाराच्या मागच्या काठ्या कुठे आहेत?"

"तिथेच की."

"एकच आहे. दुसरी?"

"दुसरी दिली ना, वहिनी. बाराव्याला, दानात. छत्री आणली, जोडा आणला, तांब्या आणला, आणि काठी आणायची राहिली. गुरुजी अडून बसले. म्हटलं, दादाची स्वतःचीच आहे, त्याहून चांगली कुठली मिळणार? दोन होत्या, त्यातली एक दिली. तुझी ठेवली."

"माझी?"

"मग! तुला नाही का पुढेमागे लागणार? गुडघे काय तुझे तरी कायमचे आहेत?"

तिची समजूत अशी होती की आम्ही नवराबायको दर महिन्याला काठ्या टेकत समुद्रावर फिरायला जातो. इतकी वर्षं तिची हीच समजूत होती आणि तिने आमची त्यावरून चेष्टाही केली होती. मी तिला काठ्या कशाच्या ते सांगितलं. गावाला दिलेल्या शब्दाचंही सांगितलं.

"वाट लागली," ती म्हणाली. मग, "आता गं?"

"आता परत आणायची."

"परत? वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? दान दिलेलं कोणी परत मागतं? दादा अजून वाटेवर आहे. वर्षभराची वाट असते ती. मधेच त्याच्या हातातली काठी काढून घेणार तू? त्याच्या उजव्या गुडघ्याचं तुला माहीत नाही?"

"मला माहीत नाही असं कसं होईल?"

"मग?"

"त्यांच्यासाठी दुसरी देते. चालायचीच, चांगली. ही मोजायची आहे."

"मग ती दुसरी तुझ्या वाळूला घे ना! माझ्या भावाच्या हातातलीच कशाला पाहिजे?" असं म्हणून तिने फोन ठेवला.

तिचं म्हणणं चूक नव्हतं. बांबू मिळाला असता, माप घेऊन कापला असता, पट्टे रंगवता आले असते. आठवडा पुरेसा होता. दोन्ही काठ्या बरोबरीने झिजल्या आहेत, नवी घेतली तर मापात फरक पडेल, असं एक शास्त्रीय कारण मी स्वतःला दिलं. ते फारसं टिकेना, म्हणून सोडून दिलं. मला तीच काठी हवी होती. मी बाजारात गेले, चालायची एक चांगली काठी घेतली आणि तशीच गुरुजींच्या घरी गेले.

गुरुजी आमच्यापासून फार लांब राहत नाहीत. त्यांच्या पत्नीने दार उघडलं. बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि बसल्या जागेवरून मला गॅलरी दिसली. छताजवळ कपड्यांची दोरी होती आणि गॅलरीच्या कोपऱ्यात, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची, आमची काठी. तिच्या टोकाला एक ओला पंचा लोंबत होता.

गुरुजी आतून आले. मी काय हवं ते सांगितलं. मला फिरवून बोलता येत नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमची अडचण मला समजली. पण दान एकदा संकल्प करून सोडलं की त्यावरचा हक्क गेला. आणि हे तर मृताच्या नावाने दिलेलं. त्यांच्या वाटेसाठी आहे ते."

"म्हणूनच ही आणली आहे," मी नवी काठी पुढे केली. "त्या काठीवर भार टाकून त्यांना चालता येणार नाही. ते कधी चाललेच नाहीत तिच्यावर. उभी धरायचे ते."

"अहो, देऊन टाका की," गुरुजींच्या पत्नी मधेच म्हणाल्या. "नाहीतरी तिचं टोक जाड आहे. तुमचं धोतर दोरीवर टाकायला गेलं की दर वेळी खाली येतं. परवा तर खालच्या मजल्यावर गेलं. आणि तिच्यावर ते आकडे कशाला आहेत, मी विचारणारच होते."

"तू जरा थांब," गुरुजी म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. "हे पाहा, दान तुमच्या भाच्याच्या हातून झालं, आणि काठी त्याच्या आईने काढून दिली. बदली काठी घेऊन मी ही खुशीने परत करू शकतो, माझ्या मनात किंतु नाही. पण त्या बाईंच्या मनात असेल तर मी करणार नाही. भावाची बहीण आहे ती. लावा फोन."

मी फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तिला सगळं सांगितलं. मग तिचा आवाज इतका मोठा होता की मला खुर्चीवर बसून ऐकू आला.

"नवी काठी चांगली आहे का?"

"चांगली आहे."

"मूठ आहे का तिला? धरायला?"

गुरुजींनी काठी हातात घेऊन पाहिली. "आहे. वळलेली मूठ आहे."

"खाली रबर?"

गुरुजींनी काठी उलटी केली. "आहे."

मग, "असेल तर द्या तिला ती."

गुरुजींनी नव्या काठीवर पळीभर पाणी सोडलं, यांचं नाव-गोत्र घेतलं आणि ती भिंतीला टेकवून ठेवली. त्यांच्या पत्नीने पंचा काढून काठी मला दिली. मी दुसऱ्या दिवशी त्यांना कपडे वाळत घालायची एक सडपातळ काठी नेऊन दिली. त्यांनी तिचं टोक तपासून पाहिलं.

काठ्या झाल्या, पण माणसं दोन लागतात. यांच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला सांगावं असा माझा विचार होता. अमावस्येच्या संध्याकाळी दाराची बेल वाजली. नणंद होती, हातात पिशवी.

"काठी मी घालवली ना? मग धरते मीच. सकाळी किती वाजता उठायचं ते सांग. आणि तिथे चहा मिळतो की थर्मास घेऊ?"

सकाळी आम्ही बोटीतून पलीकडे गेलो. बोटीत ती एकदाही बोलली नाही, आणि हे तिच्या बाबतीत सांगण्यासारखं आहे. किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगत असलेल्या एका बाईने आम्हाला काठ्यांवरून ओळखलं.

"सर नाय आले?"

मी नणंदेकडे पाहिलं. नणंदेने सांगितलं. बाई हातातले बोंबील तसेच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "आमचं सरांनी कबूल केलेलं..." आणि हातातले बोंबील वलांडीवर टाकले.

"ते होणार," मी म्हटलं. तेवढं मला बोलता आलं.

खुणेच्या दगडापाशी मी मागची काठी घेऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत मी त्या जागी उभी राहिले नव्हते. नणंद दोरी ताणेपर्यंत पुढे गेली आणि तिने सगळा जोर लावून काठी वाळूत खुपसली.

"अगं, रोवू नकोस! टेकव नुसती."

"पडेल ना!"

"तू धरली आहेस ना? मग कशी पडेल?"

"दादा असाच ओरडायचा का तुझ्यावर?"

"पहिल्या दिवशी."

मी काठीला डोळा लावला. पुढच्या काठीचं टोक शोधलं, ते समुद्राच्या रेषेवर आणायला हळूहळू खाली वाकले. पुढची काठी धरताना माझी पाठ समुद्राकडे असायची आणि तोंड यांच्याकडे. ते एक डोळा मिटून, कपाळाला आठ्या घालून माझ्या दिशेने पाहत असायचे, आणि मला नेहमी वाटायचं की हे माझ्यापलीकडचं काहीतरी पाहताहेत, मी त्यात नाही. क्षितिज पाहायचं असेल तर मधल्या माणसाकडे कोण लक्ष देईल? आता त्यांच्या जागेवरून मला कळलं की असं होऊच शकत नाही. काठीचं टोक शोधायचं तर आधी काठी धरलेला हात दिसतो, मग पदर, मग चेहरा. नणंद ओठ घट्ट मिटून, श्वास रोखून, परीक्षेला बसल्यासारखी उभी होती. दर टप्प्यावर ती मला तशीच दिसली. म्हणजे दर टप्प्यावर मीही त्यांना दिसले असणार.

मी आकडा लिहिला. मोठ्याने वाचला, ते वाचायचे तसा.

"पुढे?" ती म्हणाली.

"पुढे."

शेवटच्या टप्प्यावर ती पाण्यात उभी होती, साडी पोटरीपर्यंत भिजलेली. मी आकडा घेतला आणि हात वर केला. ती तरीही काठी सोडेना. मान वळवून समुद्राकडे पाहत राहिली. मी तिच्याजवळ गेले तर म्हणाली, "थांब जरा. एवढ्या लांब आलोय तर बघू दे."

चार-पाच दिवसांनी पाऊस आला.

पावसाळ्यात बोट बंद असली की आम्ही भाईंदरवरून बसने उत्तनला आणि तिथून पुढे जायचो. दोन महिन्यांत ढगांमुळे क्षितिजच दिसलं नाही, आणि क्षितिज नसेल तर ही पद्धत चालत नाही. आम्ही गेलो, थांबलो, डबा खाल्ला आणि परत आलो. भाद्रपदात मोजलं. पुळण कंबरेइतकी खाली गेली होती. नणंदेने ते पाहून विचारलं, "एवढी? ही परत कशी येणार?"

"येते दरवर्षी."

"सगळी?"

"तेच तर बघायचंय."

तिला आता काठी टेकवायची कशी ते उत्तम येत होतं आणि मी डोळा लावायला उशीर केला की ती रागवायची. मुलुंडहून आदल्या रात्री यायची, येताना काहीतरी करून आणायची, आणि घरात आल्या आल्या यांच्या फोटोला म्हणायची, "चालतोयस ना नीट?"

दिवाळीची अमावस्या आली. सुतकाचं वर्ष, घरात फराळ नव्हता. शेजारच्यांनी पाठवला होता. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशीची प्रतिपदा म्हणजे पाडवा. त्या सकाळी बायका नवऱ्याला ओवाळतात. आम्ही दोघी वाळूत उभ्या होतो. त्या दिवशी किनाऱ्यावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. लाटा लहान झाल्या होत्या, लांबून सपाट येत होत्या, आणि खालच्या टप्प्यांवर वाळू वाढल्याचं पहिल्यांदाच आकड्यांत दिसलं. मी आकडा मोठ्याने वाचला. तिला त्याचा अर्थ कळत होता.

"आली," ती म्हणाली.

"खाली आली. वरचं अजून नाही."

परतताना बोटीत ती म्हणाली, "उद्या भाऊबीज. भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात म्हणे. मी कधी केलं नाही, करायची वेळच आली नाही."

"मग उद्या राहा. गच्चीवरून दिसेल."

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही आमच्या इमारतीच्या गच्चीवर ताम्हन घेऊन गेलो. बीजेची कोर पश्चिमेला, सूर्य गेल्यावर थोडाच वेळ असते. पश्चिमेला आमच्याकडे नवे टॉवर आहेत.

"दिसतोय का?"

"नाही. तो बघ, त्या क्रेनच्या बाजूला. नाही, विमान आहे."

"गेला गं टॉवरच्या मागे."

"पाण्याच्या टाकीकडून ये, टाकीकडून. आता?"

"दिसला! धर, धर, काडी विझेल."

तिने ओवाळलं. वाऱ्यावर ज्योत दोनदा गेली, दोन्ही वेळा मी पुन्हा लावली. खाली येताना जिन्यात ती म्हणाली, "त्याला रबराची काठी दिली ते बरं केलंस."

मार्गशीर्ष, पौष, माघ. दर महिन्याची रेष मी घरी आदल्या महिन्याच्या रेषेवर ठेवून पाहत होते. लोक मला भेटले की म्हणत, किती छान, समुद्र सगळं परत करतो, त्यातच मनाला धीर मिळत असेल. मला त्यातून धीर मिळत नव्हता आणि मी तो शोधतही नव्हते. वाळू हा वाळूचा प्रश्न होता. तिचा माझ्या घराशी काही संबंध नव्हता. तिचं उत्तर मिळवायचं होतं एवढंच, आणि ते मिळेपर्यंत मी एकही महिना सोडणार नव्हते. फाल्गुनात मला ताप होता, तेव्हाही गेले. नणंदेने बोटीत मला शिव्या घातल्या आणि मागची काठी स्वतः घेतली. पुढची मी धरली. तिचे आकडे मी घरी येऊन तपासले. बरोबर होते.

वैशाखात यांचं वर्षश्राद्ध झालं. गुरुजी आले होते. त्यांनी आपणहून नणंदेला सांगितलं की वर्ष पूर्ण झालं, वाट संपली. ती म्हणाली, "पोचला एकदाचा," आणि पदराने डोळे पुसले.

पुढच्या अमावस्येनंतरच्या प्रतिपदेला आम्ही दुसऱ्या वर्षाची शेवटची मोजणी केली. घरी येऊन मी एकाच कागदावर तीन रेषा काढल्या: बंधारा झाल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्याआधीची, त्याच्या पुढच्या वर्षाची आणि आताची. तिन्ही पावसाआधीच्या, तिन्ही प्रतिपदेच्या. पहिली यांनी काढलेली होती, ती मी जशीच्या तशी उतरवून घेतली.

गावाची सभा देवळाच्या मंडपात भरली. मला चार लोकांसमोर बोलायची सवय नाही. मी उभी राहिले आणि कागदावर आहे तेवढंच सांगितलं. पाण्याजवळची वाळू दोन्ही वर्षी पूर्ण परत आली. वरच्या भागातली, बंधाऱ्याला लागून असलेली, जिथे मासळी वाळते तिथली, दोन्ही वर्षी कमी परत आली. याचं कारण बंधारा आहे असं ही रेष एकटी सिद्ध करत नाही. पण बंधारा होण्याआधीच्या वर्षांत आम्ही असं कधी पाहिलं नव्हतं.

कोणीतरी मागून विचारलं, "म्हंजी लांब करायचा का नाय?"

"ते तुम्ही ठरवा," मी म्हटलं. "सरांनी कागद कबूल केला होता. हा कागद."

त्यावर बोलणी सुरू झाली, आवाज चढले. नणंदेने मला कोपराने ढोसलं आणि आम्ही उठलो. बंधारा वाढवायचा की नाही, ते अजून ठरलेलं नाही. कागदाची एक प्रत गावात आहे, एक माझ्याकडे. त्यावर तीन रेषा आहेत, पहिली त्यांनी मोजलेली, पुढच्या दोन मी मोजलेल्या. पाण्याजवळ तिन्ही एकमेकींवर येतात. वरच्या बाजूला दुसरी पहिलीच्या खाली आहे, आणि तिसरी दुसरीच्या खाली.